सायन शाईपासून सेमीकंडक्टरपर्यंत: तांब्याच्या थॅलोसायनिनची फिल्म

सांगलीतल्या कुठल्याही ऑफसेट प्रेसमध्ये जाऊन सायन शाईचा डबा उघडायला सांगा. आत जो घट्ट, काळपट निळा लगदा दिसतो, त्यातला रंग बहुतेक वेळा एकाच रसायनाचा असतो. कॉपर थॅलोसायनिन हे त्याचं नाव. लग्नपत्रिकेतला निळा तोच, फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या मागे दिसणारं आकाश तोच, आणि गच्चीवर पाणी साठवायला ठेवलेल्या निळ्या पिंपातही बऱ्याचदा तोच. स्वस्त आहे, उन्हाने उडत नाही, पाण्यात विरघळत नाही, साध्यासुध्या आम्लाला दाद देत नाही. रंगवाल्याला आणखी काय हवं?

भौतिकशास्त्रवाल्यांनी हाच रंग वेगळ्या कारणासाठी उचलला. त्याची चिमूटभर भुकटी निर्वातात तापवून काचपट्टीवर शंभर-दोनशे नॅनोमीटरचा थर बसवला की तो थर सेमीकंडक्टर (अर्धवाहक) म्हणून वागतो. १०० नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. अशा थरांना ऑर्गॅनोमेटॅलिक, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू एकत्र असलेल्या, थिन फिल्म म्हणतात, आणि त्यांच्यावरच्या शोधनिबंधांच्या शीर्षकात रचना आणि विद्युत गुणधर्म ही जोडी हटकून असते. एमएस्सीची मुलं ती दोन वेगळी प्रकरणं समजून पाठ करतात, आधी एक्स-रेचं, मग विजेचं. माझ्या मते ही जोडी फोडली की दोन्ही प्रकरणं वाया गेली. थर कसा बसवला, रेणू कसे रचले गेले, मधे हवा किती शिरली हे माहीत नसेल, तर वाहकतेच्या आकड्याला काडीची किंमत नाही.

आधी रेणू पाहू. ह्या घराण्यातला पहिला पदार्थ १९०७ साली दुसरंच काही बनवताना हाती लागला आणि कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तांब्याचं रूप मिळालं, तेही असंच. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात थॅलिमाइड बनवताना भांड्याच्या आतलं काचेचं अस्तर तडकलं. खालचं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्या मालात निळसर-हिरवं काहीतरी उतरलं. माल खराब झाला म्हणून सगळं फेकून देता आलं असतं. ते तपासायला घेतलं गेलं, म्हणून पुढची गोष्ट घडली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात लिन्स्टेड यांनी १९३४ मध्ये त्याची रचना मांडली, रॉबर्टसन यांनी पुढच्या एक-दोन वर्षांत एक्स-रेने ती खरी असल्याचं दाखवलं, आणि १९३५ मध्ये तांब्याचा रंग मोनॅस्ट्रल ब्लू ह्या नावाने बाजारात आला.

रेणूच्या मधोमध तांब्याचा एक अणू. त्याला चार बाजूंनी धरून चार नायट्रोजन, बाहेरच्या कड्यात आणखी चार नायट्रोजन, आणि चार कोपऱ्यांना बेंझिनची चार षटकोनं. ३२ कार्बन, १६ हायड्रोजन, ८ नायट्रोजन आणि १ तांबं मिळून ५७ अणू, सगळे जवळजवळ एकाच पातळीत. रेणू सपाट, रुंदीला सव्वा ते दीड नॅनोमीटरच्या दरम्यान. हिरव्या पानातलं क्लोरोफिल आणि रक्तातलं हीम यांची मूळ चौकट ह्याच धर्तीची आहे. मधला धातू बदलताही येतो. लोखंड, कोबाल्ट, निकेल, जस्त असे बरेच धातू तिथे मावतात. शिसं मावत नाही. त्याचा अणू मोठा, त्यामुळे तो खड्ड्यात न बसता वर राहतो आणि रेणू सपाट न राहता खोलगट होतो.

ऑर्गॅनोमेटॅलिक ह्या शब्दाला काटेकोर रसायनवाले इथे हरकत घेतील. तसं म्हणायचं तर धातू आणि कार्बन यांच्यात थेट बंध लागतो, इथे तो नायट्रोजनशी आहे. हरकत बरोबर आहे, पण थिन फिल्मवाले दोन्ही प्रकारचे रेणू एकाच कप्प्यात टाकतात आणि थर बसवायची रीतही दोघांची एकच, म्हणून मीही पुढे तसंच धरतो.

सांगली-सातारा-कोल्हापूर ह्या आपल्या पट्ट्यात थिन फिल्म म्हटलं की पहिल्यांदा बीकरच आठवतो. शिवाजी विद्यापीठात केमिकल बाथ आणि स्प्रे पायरोलिसिसची (गरम काचेवर द्रावण फवारून थर बसवण्याची) परंपरा जुनी आणि नावाजलेली. केमिकल बाथ म्हणजे: क्षार पाण्यात विरघळवा, काच त्यात उभी करा, गरम करा, फिल्म तयार. खर्च कमी, यंत्र साधं. थॅलोसायनिनला मात्र हा मार्ग बंद आहे, कारण ते साध्या द्रावकांत विरघळतच नाही. ज्या गुणामुळे रंगवाला खूश, त्याच गुणामुळे फिल्मवाल्याची पंचाईत. त्याची सोय दुसऱ्या गुणाने होते: निर्वातात साधारण चारशे अंशांच्या आसपास तापवलं की हा पदार्थ वितळण्याच्या भानगडीत न पडता सरळ वाफ होतो, आणि रेणू न तुटता वर जातो. एवढी उष्णता सोसून शाबूत राहणारे सेंद्रिय रेणू फार नाहीत.

कोटिंग युनिटची बेल जार, म्हणजे थर बसवायचं घंटेच्या आकाराचं भांडं, आधी रोटरी पंपाने आणि मग तेलाच्या वाफेवर चालणाऱ्या डिफ्यूजन पंपाने रिकामी करतात. दाब दहाच्या उणे पाचव्या घाताएवढ्या मिलिबारपर्यंत उतरला की काम सुरू. बाहेरच्या हवेच्या दाबाचा हा साधारण दहा कोटीवा भाग. एवढं खाली का जायचं? साध्या हवेत वायूचा एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी जेमतेम ६०-७० नॅनोमीटर जातो, तर ह्या निर्वातात सहा-सात मीटर. भुकटीच्या बोटीपासून काचेपर्यंतचं अंतर वीतभर. म्हणजे वाफेचा रेणू वाटेत कुणालाही न धडकता थेट काचेवर जाऊन बसतो.

तरी आत उरलेली हवा दुर्लक्ष करण्याजोगी नसते. दाब दहाच्या उणे सहाव्या घाताएवढ्या टॉरवर (टॉर हे दाबाचं दुसरं एकक, मिलिबारपेक्षा थोडं मोठं) आणला, तरी दर सेकंदाला इतके वायूचे रेणू काचेवर आदळतात की सगळे चिकटले तर सेकंदाभरात त्यांचाच एक पुरा थर व्हावा. सुदैवाने सगळे चिकटत नाहीत. पण 'सावकाश केलेलं कोटिंग चांगलं' असं जे सरसकट सांगितलं जातं ते ह्यामुळे अर्धवट खरं आहे. फार सावकाश गेलात तर थरात कचरा मिसळायला वेळ मिळतो, घाई केलीत तर रेणूंना जागा शोधून नीट बसायला वेळ मिळत नाही.

प्रत्यक्षात हे काम बघण्यासारखं असतं. मॉलिब्डेनमच्या बोटीत भुकटी भरायची. ती जांभळट असते, आडव्या उजेडात तांबूस झाक मारते. बोट आणि काच यांच्यामध्ये शटर बंद ठेवून करंट हळूहळू वाढवायचा. आधी भुकटीतली ओल आणि हलकी भेसळ उडून जाऊ द्यायची, तेवढ्या वेळात दाबाचा काटा एकदा वर चढून पुन्हा खाली येतो. करंट झटक्यात वाढवला तर भुकटी बोटीतून उसळते आणि फिल्मवर ठिपके पडतात. दर स्थिर झाला की शटर उघडायचं. काही मिनिटांत काचेवर निळी झाक उतरते, आणि भुकटी जांभळट असली तरी ही झाक स्वच्छ, आरपार दिसणारी निळी असते. ह्या सगळ्यात मधेच लाइट गेली की संपलं: डिफ्यूजन पंपाचं तेल गरमच, त्याला गार ठेवणारं पाणी बंद, आणि तेलाची वाफ उलटी जारमध्ये. उन्हाळ्यात कोटिंग असेल तर हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्हजवळून (पंप आणि जार यांच्यामधल्या झडपेजवळून) हलायचं नाही, असं मी मुलांना बजावून ठेवतो.

जाडी मोजायची कशी? जारमध्ये काचेशेजारी क्वार्ट्झचा एक स्फटिक बसवतात. तो सेकंदाला ६० लाख वेळा कंप पावतो. त्याच्यावरही तेवढाच थर बसतो, वजन वाढतं, कंपन मंदावतं. कॉपर थॅलोसायनिनची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.६ ग्रॅम धरून हिशेब केला, तर एक नॅनोमीटर थराला ६० लाखांतली साधारण १३ कंपनं कमी होतात. मीटर ते आरामात पकडतो. त्याच हिशेबाने १०० नॅनोमीटरची फिल्म चौरस सेंटिमीटरला अवघी १६ मायक्रोग्रॅम भरते. एक ग्रॅम भुकटी कणभरही वाया न घालवता पसरता आली, तर सव्वासहा चौरस मीटर झाकेल. प्रत्यक्षात बरीचशी भुकटी जारच्या भिंतींना रंग देण्यात जाते.

आता रचना. सपाट रेणू एकावर एक बसत जातात, पण चवड सरळ उभी राहत नाही. दुरडीत भाकऱ्यांची चवड एका बाजूला सरकत गेलेली असते, तशी ती कललेली असते. किती कलली, ह्यावर सगळा खेळ आहे. दोन रेणूंच्या पातळ्यांमधलं लंबांतर सुमारे ०.३४ नॅनोमीटर, आणि ते सगळीकडे जवळपास तेवढंच. पण अल्फा नावाच्या रूपात चवड सुमारे २६ अंशांनी कलते आणि बीटा रूपात सुमारे ४६ अंशांनी. बीटामध्ये शेजारशेजारच्या चवडी एकमेकींच्या उलट दिशेला झुकतात. अल्फामध्ये वरचा रेणू खालच्यावर जास्त पडतो, बीटामध्ये जास्त घसरतो. ह्या एवढ्याशा घसरण्याने रंगसुद्धा बदलतो. अल्फाची निळी छटा तांबूसकडे झुकते, बीटाची हिरवटकडे. प्रेसमधल्या सायनला बीटाच लागतं.

साध्या तापमानाच्या काचेवर थर बसवला की अल्फा मिळतं. दोनशे अंशांच्या वर बराच वेळ तापवत ठेवलं की हळूहळू बीटा होतं आणि थंड केलं तरी परत अल्फा होत नाही, कारण बीटा जास्त स्थिर आहे. थर बसवतानाच काच गरम ठेवली तर रेणूंना काचेवर इकडेतिकडे सरकून जागा शोधता येते आणि स्फटिकांचे कण मोठे होतात. पण काच फार गरम असेल तर मोठ्या कणांच्या मधे फटी पडतात आणि फिल्म सलग राहत नाही.

हे सगळं कळतं एक्स-रे डिफ्रॅक्शनवरून, म्हणजे फिल्मवर सोडलेले एक्स-रे कुठल्या कोनांत जोरात परततात त्यावरून. काचेवरच्या अल्फा फिल्मचा आलेख काढला तर जवळजवळ एकच ठसठशीत शिखर दिसतं, ६.८ अंशांच्या आसपास. तांब्याच्या नेहमीच्या एक्स-रे नळीची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर धरून कोनावरून अंतर काढणाऱ्या ब्रॅगच्या सूत्रात टाकलं की थरांमधलं अंतर सुमारे १.३ नॅनोमीटर येतं. हे जवळपास रेणूच्या रुंदीएवढं. अर्थ असा की रेणू काचेवर पालथे पडलेले नाहीत, कडेवर उभे आहेत, आणि त्यांच्या चवडी काचेला समांतर धावतात. काच रेणूला फारसं ओढत नाही, म्हणून रेणू एकमेकांना धरून उभे राहतात. खाली स्वच्छ सोन्याचा पृष्ठभाग असेल तर धातूची ओढ जिंकते आणि रेणू आडवे होतात. जाता जाता एक सूचना: त्याच आलेखात २० ते ३० अंशांच्या मधे जो पसरट उंचवटा दिसतो तो काचेचा असतो. त्याला फिल्मचा गुणधर्म मानून पानभर चर्चा करणारे प्रबंध माझ्या पाहण्यात आहेत.

वीज कशी वाहते ते आता समजायला सोपं जाईल. सिलिकॉनमध्ये अणू एकमेकांशी पक्क्या बंधांनी जोडलेले, त्यामुळे इलेक्ट्रॉन मोकळा धावतो. त्याची चलता, म्हणजे ठरावीक विद्युतक्षेत्रात तो किती वेगाने सरकतो त्याचं माप, व्होल्ट-सेकंदाला १४०० चौरस सेंटिमीटरच्या घरात. थॅलोसायनिनमध्ये एका रेणूच्या आत इलेक्ट्रॉन मोकळा असतो, पण दोन रेणू फक्त कमजोर आकर्षणाने शेजारी उभे. एकावरून दुसऱ्यावर जायला उडी मारावी लागते. वरचा रेणू खालच्यावर किती पडतो ह्यावर ती उडी सोपी की अवघड हे ठरतं. म्हणून चवडीच्या दिशेने वीज बरी वाहते, आडव्या दिशेने वाईट. आणि एका स्फटिककणाकडून दुसऱ्याकडे जाताना सीमेवर सगळ्यात जास्त अडते. १९९६ मध्ये कॉपर थॅलोसायनिनचे ट्रान्झिस्टर केले गेले तेव्हा फिल्मखालची पट्टी साध्या तापमानाला न ठेवता १२५ अंशांवर ठेवून चलता ०.०२ पर्यंत नेता आली. सिलिकॉनच्या सत्तर हजाराव्या भागाएवढी. तेव्हा तो मोठा आकडा होता. भुकटी तीच ठेवून, फक्त पट्टी तापवून मिळालेली ही सुधारणा.

थॅलोसायनिन अर्धवाहक आहेत हे १९४८ मध्येच एली आणि वर्तान्यान यांनी वेगवेगळं दाखवलं होतं. तापवलं की वाहकता वाढते ही त्याची खूण. धातूत उलट होतं. वाहकतेचा लॉगॅरिदम उभ्या अक्षावर आणि तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर घेतला की सरळ रेघ येते, आणि तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा (वीज वाहायला लागणारी किमान उष्णतेची ऊर्जा) काढतात. इथेच मुलांची गाडी अडते, कारण रेघ मधेच मोडते. कमी तापमानाला एक उतार, जास्त तापमानाला दुसरा. कमी तापमानाला भेसळीतून आलेले वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, काम करत असतात, वर गेलं की रेणूचे स्वतःचे.

त्यातही पहिल्यांदा तापवतानाची रेघ आणि थंड करतानाची रेघ एकमेकींवर बसत नाहीत. मुलांना वाटतं उपकरण बिघडलं. उपकरण ठीक असतं, फिल्म बदललेली असते. ह्यामागचं मोठं कारण ऑक्सिजन. जार उघडून फिल्म हवेत काढली की ऑक्सिजनचे रेणू कणांच्या सीमांवरून आत शिरतात आणि थॅलोसायनिनचा इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात. मागे राहते ती रिकामी जागा, होल, आणि ती वीज वाहून नेते. म्हणून हवेतली फिल्म पी-प्रकारची असते आणि निर्वातातल्या फिल्मपेक्षा तिची वाहकता कित्येक पट जास्त निघते. फिल्म निर्वातात तापवली की ऑक्सिजन निघून जातो, वाहकता पडते. जोडीला कण मोठे होतात, आणखी तापवलं तर अल्फाचं बीटा होतं. एकाच वेळी तीन गोष्टी बदलत असतात. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत तर कुणीतरी चुकलंच असं समजायचं कारण नाही. एकाने फिल्म जारमध्येच मोजली असेल, दुसऱ्याने कपाटात ठेवून महिन्याभराने. पावसाळ्यात मोजणाऱ्याला आणखी एक त्रास: करंट नॅनोअँपिअरच्या खाली असतो, आणि ओल्या हवेत काचेच्या पृष्ठभागावरूनच तेवढी गळती होते. कृष्णेच्या काठावर जुलैत घेतलेल्या रीडिंगवर मी तरी भरवसा ठेवत नाही, नमुना कोरड्या निर्वातात ठेवून घेतलं असेल तरच.

टोकांना कुठला धातू लावला त्यानेही फरक पडतो. सोन्यातून होल सहज आत जातात, ॲल्युमिनियमपाशी अडतात. एका बाजूला सोनं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम लावलं की एका दिशेने वाहणारा आणि दुसऱ्या दिशेने अडवणारा डायोड आपोआप तयार होतो. दोन्ही बाजूंना सोनं असेल तर व्होल्टेज कमी असताना ओहमचा नियम पाळला जातो. पुढे करंट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढू लागतो, कारण आत शिरलेले होल पुढे सरकण्याआधी साचतात आणि स्वतःच पुढच्यांना अडवतात. हा भाग पाठ्यपुस्तकात नीट दिलेला असतो, इथे लांबवत नाही.

रेणू उभे बरे की आडवे? ट्रान्झिस्टरमध्ये वीज फिल्मच्या पातळीतून, आडवी धावते, म्हणून उभे रेणू सोयीचे, कारण त्यांच्या चवडी काचेला समांतर असतात. सौर घटात वीज फिल्मच्या आरपार, खालून वर जायला हवी. तिथे आडवे रेणू हवेत, आणि त्यासाठी खाली कॉपर आयोडाइडचा पातळ थर देऊन रेणूंना आडवं पाडण्याची युक्ती वापरतात. कोडॅकमधल्या चिंग टँग यांनी १९८६ मध्ये कॉपर थॅलोसायनिन आणि पेरिलीनचं एक संयुग असे दोन थर निर्वातात एकावर एक बसवून सुमारे एक टक्का कार्यक्षमतेचा सौर घट केला. पुढच्या वर्षी त्यांनी आणि व्हॅनस्लाइक यांनी त्याच पद्धतीने ॲल्युमिनियमच्या एका संयुगाचा थर वापरून दहा व्होल्टच्या आत उजळणारा दिवा केला. ओएलईडीची, म्हणजे सेंद्रिय थरांच्या उजेड देणाऱ्या डायोडची, सुरुवात ती. आज मोबाइलच्या ओएलईडी पडद्यात हिरव्या-लाल उजेडासाठी इरिडियमचे जे रेणू वापरतात, त्यांत धातू-कार्बन बंध खरोखर असतो, तेव्हा आपल्या रसायनवाल्यांचीही तक्रार उरत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरच्या ड्रमवर बऱ्याचदा टायटॅनिलचं (मधोमध टायटॅनियम आणि ऑक्सिजन असलेलं) थॅलोसायनिन असतं. त्याचे रेणू असे रचलेले असतात की लेझरचा डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाशही ते शोषून घेतात.

ट्रान्झिस्टरवाल्याला नको असलेला ऑक्सिजनचा शिरकाव सेन्सरवाल्याच्या मात्र पथ्यावर पडला. नायट्रोजन डायऑक्साइड हा वाहनांच्या धुरातला वायू ऑक्सिजनपेक्षा जास्त जोराने इलेक्ट्रॉन ओढतो. शिशाच्या थॅलोसायनिनच्या फिल्मवर तो अगदी थोडा आला तरी करंट चढतो, आणि चढलेला करंट मोजला की वायू किती ते कळतं. अडचण नंतरची. साध्या तापमानाला वायू लवकर सुटत नाही आणि करंट तासन् तास खाली येत नाही, म्हणून फिल्मखाली छोटा हीटर बसवून ती दीडशे अंशांच्या पुढेमागे गरम ठेवतात. आणि तेवढ्या उष्णतेत फिल्मचे कण महिनोन् महिने हळूहळू वाढत राहतात, शून्याची रेघ सरकत राहते, आणि सेन्सर अधूनमधून माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू देऊन पुन्हा लावून घ्यावा लागतो.